‘एवढंसं पुडकं आहे’ म्हणणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
परदेशी निघालेल्याच्या दारात आयत्या वेळी पुडकं घेऊन उभे राहणारे,
मुक्काम : प्रत्येक गोतावळ्यात एक



हे पत्र मी उघडं लिहिते आहे, कारण तुम्ही पाठवता ते सगळं बंद असतं. खाकी चिकटपट्टीचे इतके वेढे दिलेले असतात की सुरी घेतल्याशिवाय आत काय आहे ते कळू नये. वर पेनाने एक नाव आणि परदेशातला फोन नंबर. सोबत तुमचं ते ठरलेलं वाक्य : “एवढंसं आहे, कोपऱ्यात मावेल.”

तुमची वेळही ठरलेली असते. तिकीट निघाल्याचं तुम्हाला महिनाभर आधी कळलेलं असतं, पेढे खायला तुम्ही येऊन गेलेले असता, तेव्हा पुडक्याचा विषय निघत नाही. आदल्या रात्री बॅगा काट्यावर चढवून झाल्या, कुलपं लागली, गाडी पहाटे किती वाजता येणार ते ड्रायव्हरला दोनदा विचारून झालं, की तुमची बेल वाजते. त्या घटकेला घरात विचारपूस करायला कोणाला सवड नसते आणि नाही म्हणायला कोणाला तोंड नसतं. हा योगायोग आहे यावर माझा आता विश्वास नाही. चार दिवस आधी आलात तर कोणीतरी विचारेल, आत काय आहे? कोणी म्हणेल, जरा उघडून दाखवा. ते तुम्हाला नको असतं, म्हणून तुम्ही रात्री दहाला येता.

माझी भाची सांगलीची. नर्स आहे. दुबईतल्या एका रुग्णालयात तिला नोकरी लागली. तिच्या एका बॅगेच्या मागे काय काय उभं होतं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगते. नर्सिंगची पदवी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आधीच्या नोकरीचे दाखले. मग त्या सगळ्या कागदांची डेटाफ्लो कंपनीकडून पडताळणी. तिथल्या परवान्यासाठी प्रोमेट्रिकची परीक्षा, तिच्यासाठी रात्रपाळी करून आल्यावर न झोपता केलेला अभ्यास. पदवीवर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा. आणि रुग्णालयाने मागितलेला पोलिसांचा दाखला : या मुलीवर एकही गुन्हा नाही. या एका ओळीवर तिची नोकरी होती, तिच्या बापाने काढलेलं कर्ज होतं, धाकट्या भावाचं इंजिनीअरिंग होतं. तुमच्या पुडक्यासाठी तुम्ही तिच्याकडे ही ओळ तारण मागत होता. जागा वगैरे तुम्ही म्हणत होता, पण मागणी तारणाची होती.

तिला तीस किलो न्यायची परवानगी होती. ऐकायला खूप वाटतं. पांढरे बूट, गणवेश, लहान कुकर, पोळपाट नको म्हणून नुसतं लाटणं, भाजणी, मेतकूट, आईने तीन पिशव्यांत एकात एक घालून बांधलेलं लोणचं, आणि आजीची गोधडी, कारण तिथे एसी फार असतो असं कोणीतरी सांगितलेलं. काटा तीस दाखवेपर्यंत चार वेळा बॅग उघडली गेली होती. तुम्ही आलात, तुमचं पुडकं पावणेतीन किलो भरलं, आणि माझ्या बहिणीने एक अक्षर न बोलता गोधडी बाहेर काढली. तुम्ही समोरच्या खुर्चीत चहा पीत ते पाहत होतात. “कशाला, कशाला” एवढंही तुमच्या तोंडून आलं नाही.

तेव्हा मी सुरी मागितली. तुमचा चेहरा उतरला आणि तुम्ही म्हणालात, “आमच्यावर एवढाही विश्वास नाही का?”

त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पुडक्यातच होतं. वर करंज्या आणि अनारसे. करंजीच्या सारणात खसखस, अनारशाच्या पाठीवर खसखस. आपल्याकडे किराणा दुकानात मिळते, सणाला लागते, लहान पोर झोपत नसलं तर आजी खीर करून पाजते. पण ते अफूच्या बोंडातलं बी आहे, त्याला अफूच्या चिकाचा अंश लागलेला असतो, आणि संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात ती न्यायला बंदी आहे. तुमचा मुलगा दुबईत राहतो. बंदी त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. तुम्हाला नसेल, तर जिथे माल पाठवायचा तिथला नियम विचारून घ्यावा एवढंही तुम्हाला सुचलं नाही, कारण पकडलं जाणारं बोट तुमचं नव्हतं.

फराळाच्या खाली कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. खोकं नाही, चिठ्ठी नाही, आणि पट्टी अशी कापलेली की औषधाचं नाव अर्धं तुटलेलं. “गुडघेदुखीच्या आहेत,” तुम्ही म्हणालात. माझ्या भाचीने त्या उजेडात धरल्या आणि म्हणाली, “मावशी, मी नर्स आहे, तरी हे काय आहे ते मला सांगता येत नाही.” मग विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तिने काय सांगायचं होतं? दुखण्यावरच्या ज्या गोळ्या आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात त्यांतल्या काही तिथे नियंत्रित औषधांत मोडतात. ट्रॅमाडॉल त्यात येतं, कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध येतं. स्वतःसाठी न्यायची तरी आधी परवानगी आणि आपल्या नावाची चिठ्ठी लागते. दुसऱ्याच्या गुडघ्याची चिठ्ठी तिच्या नावावर कुठून येणार? २०१७ मध्ये एक ब्रिटिश बाई जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन इजिप्तला उतरली. तिथल्या न्यायालयाने तिला तीन वर्षांची शिक्षा दिली. तीही कोणाचं तरी दुखणं थांबवायलाच निघाली होती.

आणि सगळ्यात तळाशी कापडात शिवलेली ती छोटी पेटी. मी तिच्या टाक्याला सुरी लावली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा उठून उभे राहिलात. “ते उघडू नका, ते आमचं नाही. आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या ओळखीच्या एकाला द्यायला दिलं आहे.” मी विचारलं, आत काय आहे? तुम्ही म्हणालात, “मी कसं विचारणार? बरं दिसत नाही.”

बरं दिसत नाही! तुम्हाला विचारायला संकोच वाटला म्हणून तेवीस वर्षांच्या मुलीने ती पेटी आपल्या नावाच्या बॅगेत घालून सीमा ओलांडायची. तुम्ही आपला संकोच तिच्या गळ्यात बांधत होता. या सगळ्या प्रकाराची चीड मला जिथे आली ती इथे.

विमानतळावर बॅग देताना काउंटरवरची मुलगी विचारते, बॅग तुम्ही स्वतः भरली आहे ना? कोणी काही न्यायला दिलं आहे का? हे प्रश्न उगाच आलेले नाहीत. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बाँब ज्या बॅगेत होता ती व्हँकूव्हरहून चढली होती, बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. पुढच्या वर्षी, १७ एप्रिल १९८६ ला, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर तेल अवीवला निघालेल्या एका गरोदर आयरिश तरुणीला एल अल कंपनीच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी नेहमीप्रमाणे प्रश्न विचारले. तिची बॅग तिच्या वाग्दत्त वराने, नेझार हिंदावीने दिली होती. बॅगेच्या खोट्या तळाखाली सुमारे दीड किलो सेमटेक्स निघालं. विमानात तीनशे सत्तरच्या वर माणसं जाणार होती, त्यांत ती आणि तिच्या पोटातलं त्याचंच मूल. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ब्रिटिश न्यायालयाने हिंदावीला ४५ वर्षांची शिक्षा ठोठावली. ती वाचली, कारण कोणीतरी तिला विचारलं.

तोच प्रश्न माझ्या भाचीला विचारला जाणार होता. खरं उत्तर दिलं, तर पुडकं बाहेर काढून उघडायला लागणार, मागे रांग, हातात वेळ नाही. तुमची भीड राखायची, तर खोटं बोलायचं. नव्या देशाला निघालेल्या मुलीला तुम्ही काउंटरवर पहिलीच गोष्ट खोटी बोलायला लावता. आणि ज्या क्षणी ती “नाही, कोणी काही दिलेलं नाही” म्हणते त्या क्षणी तुमच्या पेटीचा मालक ती होते. बॅगेच्या पट्टीवर तिचं नाव असतं, तिकिटाला तोच नंबर असतो. तुमचं नाव कुठेच नसतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही सज्जन माणसं, आमच्या करंज्यांचा आणि बाँबचा काय संबंध? मग मुंबईतल्याच गोष्टी सांगते, आणि त्यांमागची माणसंही ओळखीचीच होती. जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं दोहाला सहलीला गेलं. सहल नवऱ्याच्या नात्यातल्या एका बाईने भेट दिली होती, आणि जाताना एक पाकीट न्यायला दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यांच्या सामानात सुमारे चार किलो चरस सापडला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती; मुलगी तुरुंगात जन्मली. घरच्यांनी इथे पोलिसांचे आणि अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे उंबरे झिजवले, तपास झाला, त्यांना फसवण्यात आल्याचे पुरावे कतारपर्यंत पोचले, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ते निर्दोष ठरून पोरीला घेऊन मुंबईला उतरले. पावणेदोन वर्षं गेली. तेही फार लवकर सुटले असंच म्हणावं लागतं.

दुसरी एप्रिल २०२३ ची. मुंबईतल्या एका अभिनेत्रीला परदेशी मालिकेच्या चाचणीसाठी म्हणून शारजाला पाठवण्यात आलं. निघताना हातात एक ट्रॉफी दिली, चाचणीत लागेल म्हणून. ट्रॉफीत अमली पदार्थ होते. तिथल्या तुरुंगात ती तीन आठवड्यांहून जास्त राहिली. मुंबई पोलिसांनी नंतर दोघांना अटक केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, अभिनेत्रीच्या आईशी कुत्र्यावरून झालेल्या भांडणाचा सूड म्हणून हे घडवलं होतं. इमारतीतलं भांडण आणि त्याचा सूड परदेशातल्या तुरुंगात! एखाद्याचं आयुष्य उलथवायला फक्त एवढं लागतं की तो बंद वस्तू हातात घ्यायला तयार व्हावा.

आणि तो तयार का होतो? कारण तुम्ही त्याला तयार केलेलं असतं. माझा तुमच्यावरचा खरा आरोप हा आहे. तुम्ही चरस पाठवत नाही, मला माहीत आहे. तुम्ही कुळथाचं पीठ पाठवता, खाऊ पाठवता, नातवाला झबलं पाठवता. पण वर्षानुवर्षं बंद पुडकी पुढे करून, उघडायला मागणाऱ्याला हलकं ठरवून, नाही म्हणणाऱ्याशी बोलणं टाकून तुम्ही आपल्या घरांत एक रीत पाडली आहे : आपल्या माणसाचं पुडकं मुकाट घ्यायचं. चोराला याहून सोयीचं दुसरं काय असणार? त्याला नवं काही शिकवावं लागत नाही. तो तुमच्यासारखाच येतो, तुमच्याच वेळी येतो, तुमचंच वाक्य म्हणतो. मधल्या मधे त्या मुलीने ओळखायचं कसं, की यातला काका कोणता आणि तस्कर कोणता?

कायदा तर तो फरक करतच नाही. आपल्याकडच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ३५ असं मानून चालतं की ज्याच्यावर खटला आहे त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं, तेही शंकेला जागा न ठेवता. सिंगापूरचा कायदा त्याहून कडक. ज्याच्या ताब्यात पेटी, त्याच्याच ताब्यात आतला माल असं तो धरतो, आणि हेरॉइन पंधरा ग्रॅमच्या वर गेलं की फाशीची तरतूद आहे. पंधरा ग्रॅम म्हणजे तुमच्या पेटीच्या शिवणीत मावेल एवढं. परक्या देशात, परक्या भाषेतल्या न्यायालयात तिने “शेजाऱ्यांच्या ओळखीच्यांचं होतं” हे कसं सिद्ध करावं अशी तुमची अपेक्षा होती? तुम्ही साक्षीला जाणार होता का? तुमच्याकडे तर पासपोर्टही नाही.

अमली पदार्थ बाजूला ठेवू. ज्या गोष्टींत पाप नाही त्यांनीही माणूस अडकतो. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. जर्मनीतल्या कोणासाठी तुम्ही देता ते साजूक तूप आणि ते कंदी पेढे त्यातच येतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरणारा प्रवासी खाण्याच्या वस्तू, बिया, लाकूड यांची माहिती स्वतःच्या नावाने लिहून देतो. पुडक्यातला जिन्नस त्याला माहीत नसेल तर त्याने ती माहिती कशाच्या आधारावर द्यायची? सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. आणि पॉवर बँक! नातवाच्या खेळण्यासोबत गुपचूप घातलेली. ती बॅगेतून विमानाच्या पोटातल्या मालाबरोबर जाऊ देत नाहीत, जवळच ठेवावी लागते. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून उडालेलं एक मालवाहू विमान लिथियमच्या बॅटऱ्या असलेल्या मालाला लागलेल्या आगीने पडलं, दोन्ही वैमानिक गेले. विमानात आग लागली की बाहेर पळायला अंगण नसतं, एवढं तरी ध्यानात घ्या.

पोस्टातून पाठवायला काय होतं तुम्हाला? स्पीड पोस्टाने परदेशी पार्सल जातं. दिवाळी जवळ आली की फराळ परदेशी पोचवणाऱ्या कुरियरच्या पाट्या तालुक्याच्या गावातही लागतात. महाग पडतं, हे खरं. पण तुम्हाला अडतं ते पैशापाशीच असं मला वाटत नाही. पोस्टात खिडकीवर एक फॉर्म भरावा लागतो : आत काय आहे, किती आहे, किंमत किती, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि खाली पाठवणाऱ्याची सही. त्या पेटीसाठी तुमच्या शेजाऱ्यांनी ती सही केली असती का? तुम्ही केली असती? जी सही करायला तुमचा हात धजत नाही ती तुम्ही तेवीस वर्षांच्या मुलीकडून, तिला न सांगता करून घेत होता.

पाठवायचंच असेल तर आठवडाभर आधी फोन करा आणि आधी वजन विचारा. सामान उघडं आणा, तिच्यासमोर तिच्या आईच्या डब्यात भरा. औषध आणू नका. ज्याचं दुखणं त्याने तिथल्या डॉक्टरला दाखवावं. तिसऱ्या घरचं काहीही घेऊन येऊ नका, मग ते घर कितीही प्रतिष्ठित असो. त्या देशात काय चालतं ते तुमच्या मुलाला विचारा; त्याच्याकडे इंटरनेट आहे आणि खाऊही त्यालाच हवा आहे. आणि एवढं करूनही समोरून नाही आलं, तर तोंड वाकडं न करता चहा पिऊन घरी जा.

निघणाऱ्या पोरापोरींनो, हे पत्र तुमच्या कानावर पडलं तर एवढंच : नाही म्हणायचं काम तुमच्यावर घेऊ नका. घरातल्या एका मोठ्या माणसाला ते नेमून द्या. मी आमच्या घरी ते आनंदाने घेतलं आहे. “मावशी परवानगी देत नाही” असं सांगा आणि बॅग भरत राहा.

आता तुमच्यापुरतं. गोधडी बॅगेत परत गेली. तुमचं पुडकं दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुमच्याकडे आणून दिलं, करंज्यांसकट. तेव्हापासून तुम्ही माझ्या बहिणीशी बोलत नाही, तिच्या घरच्या हळदीकुंकवाला तुमच्याकडून कोणी आलं नाही, आणि “परदेशात पोरगी गेली की माणसं बदलतात” असं तुम्ही चारचौघांत म्हणत फिरता. तिच्यावर राग धरू नका. ती तर गोधडी काढून मोकळी झाली होती. नाही म्हणणारी मी होते, राग माझ्यावर धरा, मला तो चालेल.

फक्त त्या शेजाऱ्यांकडे एकदा जा आणि पेटीत काय होतं ते विचारा. मला कळवलं नाहीत तरी चालेल. पण जी वस्तू तुम्ही आमच्या मुलीच्या हातात द्यायला निघाला होता ती काय होती हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

आपली,
त्या नर्सची मावशी